शेवटच्या पानाची माफी

प्रकाशक मामांचा नियमच जगावेगळा: मुलांच्या पुस्तकाचं प्रत्येक पान आधी तेरा वर्षांची भाची वाचणार, तिच्या सहीशिवाय काहीही छापायचं नाही. नव्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर तिचं पेन थांबलं. "मामा, शाळेचं मैदान विकलं मुख्याध्यापकांनी, परत मिळवलं नायिकेनं, आणि माफीही तिनंच मागायची?" "अगं, पुस्तकं आईबाप विकत घेतात. हे पान त्यांच्यासाठी मीच घातलंय." "वाटलंच! मी नाही सही करणार." "छापखाना खोळंबलाय, बाई!" "खोळंबू दे. नियम तुझाच." मामांनी चॉकलेट दाखवलं, डोळे वटारले, विनवण्याही केल्या. भाची ढिम्म. अखेर त्यांनी कपाळावर हात मारला आणि अख्ख्या माफीवर आडवी रेघ ओढली. तेव्हा कुठे तिनं सही केली, तीही इतकी दाबून, की कागद भेदून टेबलावर उमटली. सुतार शपथेवर सांगतो, तीनदा रंधा मारला, तरी जाईना!