सुनावणीआधीची सही

फ्लोरिडाच्या त्या कोर्टात खटले आत कमी आणि बाहेरच्या बाकांवर जास्त मिटतात. पुकारा व्हायच्या जरा आधी सरकारी वकील व्हिटकॉम हसतमुखाने बाहेर आला, तेव्हा एउलालिया बाकावर सावरून बसली.

"अभिनंदन! तुमच्या नवऱ्यावरचा विमा-फसवणुकीचा आरोप आम्ही मागे घेतोय," तो म्हणाला. "त्यांनी फक्त उपचारांचा दावा सोडायचा. इथे त्यांची सही हवी."

शेजारी बसलेला एउलालियाचा नवरा पास्कुआल घरांची छपरं बसवायचा. छपरावरून पडून त्याचा उजवा हात मोडला. दवाखान्यात त्याने कामावरचाच ओळख नंबर सांगितला. मुकादमाने मिळवून दिलेला, कुणा परक्याचा; ग्वाटेमालाहून आलेल्या पास्कुआलकडे स्वतःचे कागदच नव्हते. त्याच नंबरावर विमा कंपनीने इतकी वर्षं बिनबोभाट हप्ते खाल्ले होते. हाडात सळई घालायचा खर्च अंगावर येताच कंपनीला नंबर खोटा दिसला, आणि दारात पोलीस आले.

"सही करू नका, असं मी सांगू शकत नाही," त्यांच्या वकील ओगलट्रीबाई दातओठ खात म्हणाल्या. "पण यांची चाल ओळखा. खोट्या नंबरापायी जखमी कामगारालाच गुन्हेगार ठरवणारा हा कायदाच राज्यघटनेत बसत नाही, असा आपला अर्ज आहे. खटलाच उरला नाही, तर न्यायाधीश तो अर्ज ऐकतील कशाला? कायदा तसाच राहणार, आणि उद्या हे दुसऱ्या कुणा जखमी माणसाला उचलणार. दरवेळी हेच करतात मेले!"

"आणि हरलो तर?" पास्कुआलने विचारलं.

"तुरुंग. मग थेट ग्वाटेमालाचं विमान."

एउलालियाने त्याची बाही धरली. "अहो, करा सही नि घरी चला. घटना त्यांची, त्यांचं ते बघतील. हात गेला तर गेला, माणूस तरी राहील."

पास्कुआलने व्हिटकॉमकडे पाहिलं. "साहेब, मी पडलो ते तरी खरं ना?"

"तो प्रश्नच नाही," म्हणत व्हिटकॉमने त्याच्या उजव्या हातात पेन दिलं.

बोटं मिटेनात. पेन फरशीवर पडलं. व्हिटकॉमने ते वाकून उचललं, रुमालाने पुसलं.

"काही हरकत नाही. डाव्या हाताने केलीत तरी चालेल."

एउलालियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाही सोडली आणि ती उठून उभी राहिली.

"वकीलबाई, आत चला. आणि ह्याला म्हणावं, आत्ता डाव्या हाताचं बोललास ना, तेच न्यायाधीशांसमोर बोलून दाखव."