काचेतली शिवण

मॅनेजरने उसवायची सुरी रोजच्यासारखी समोर आणून ठेवली. मावशींनी तिला हात लावला नाही.

“आटपा मावशी, शटर ओढायचंय.”

“आज ही बॅग उसवणार नाही,” मावशी म्हणाल्या.

मॅनेजर हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. मावशी थट्टा करायच्याही. पण आता त्यांच्या मांडीवर बॅग होती, दोन्ही हातांत एकेक सुई होती आणि शेवटचे चार टाके तेवढे उरले होते. एरवी हे चार टाके उरले की त्या थांबायच्या. आज थांबल्या नाहीत.

दुकान चामड्याच्या महागड्या बॅगांचं. दर्शनी काचेमागे एक बाक, बाकावर पिवळा दिवा आणि दिव्याखाली मावशी. मेण लावलेल्या दोऱ्याने त्या दिवसभर बॅग शिवायच्या. जाणारेयेणारे थबकायचे, फोटो काढायचे आणि भारावून आत शिरायचे. आत फळ्यांवर मांडलेल्या बॅगा मात्र गावाबाहेरच्या शेडमध्ये यंत्रावर शिवलेल्या असायच्या. मावशींची बॅग कधी पुरीच व्हायची नाही. संध्याकाळी दिवसभराची शिवण उसवायची आणि सकाळी तीच बॅग त्याच भोकांतून पुन्हा शिवायला घ्यायची. दळलेलं पीठ परत जात्यात ओतायचं, असं मावशी म्हणायच्या.

एके काळी या कंपनीच्या बॅगा खरोखरच हाताने व्हायच्या. यंत्रं आली तेव्हा बाकीच्या कारागिरांना नारळ मिळाला आणि मावशींना काच मिळाली. शेडमध्ये यंत्रावर बसणारी त्यांची नणंद चिडवायची, “तुमची मजा आहे, वहिनी. शिवून शिवून मरायचं आम्ही आणि फोटो तुमचे.” मावशीही हसायच्या. नणंदेच्या कामाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. यंत्राची शिवण यंत्राची म्हणून विकली तर त्यात लाज कसली?

लाज आज दुपारी वाटली.

एक मुलगी बराच वेळ काचेबाहेर उभी होती. साधीच होती. पायातल्या चपलेचा अंगठा दोऱ्याने बांधलेला. मनाचा हिय्या करून आत आली.

“आईसाठी घ्यायचीय,” ती म्हणाली. “तिने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटून शिवण बघते.” मग तिने फळीवरची तपकिरी बॅग उचलून मावशींना विचारलं, “ही तुम्हीच शिवलीत ना?”

मावशींनी तोंड उघडलं. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, “इथली एक न् एक बॅग यांच्या हातची आहे.”

मावशींनी उघडलेलं तोंड मिटलं.

मुलीने पैसे भरले. बॅगेवर आईच्या नावाचं अक्षर सोनेरी उमटवून हवं होतं, म्हणून बॅग दुकानातच ठेवली. उद्या संध्याकाळी न्यायला येणार होती. जाताजाता ती बाकाशी आली आणि मावशींचा घट्टे पडलेला हात तिने दोन्ही हातांत धरला.

“थँक्यू, मावशी. कुणी शिवलीय ते आईला सांगेन मी.”

आणि मावशींनी चक्क मान डोलावली. त्यानंतर दुपारभर त्यांना तो हात उष्टा वाटत राहिला. टाका घालायला घेतला की त्या मुलीची आई डोळ्यांपुढे यायची. ती बॅग उलटणार, चष्मा सावरणार आणि शिवणीवरून बोट फिरवणार.

आता मावशींनी चौथा टाका ओढला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. रोजच्या शिवण्या-उसवण्याने भोकं रुंदावली होती. चामडं थकलं होतं. पण बॅग पुरी झाली होती. त्यांनी ती बाकावर उभी केली आणि तिच्याकडे पाहून त्यांना बरं वाटलं.

मॅनेजरचं हसू मावळलं. “हे काय केलंत? मग उद्या काचेत काय शिवणार? नवीन चामडं मिळायचं नाही. बसायला काम नसेल तर वरचे म्हणतील, बाई तरी कशाला हवी? घरी बसायची पाळी येईल, मावशी. मला बोल लावू नका मग.”

“रोज एक बॅग उसवायची, एवढंच ना तुमचं?”

“एवढंच.”

“मग ही घेतली सुरी.”

सुरी घेऊन मावशी उठल्या. बाकाकडे न वळता सरळ काउंटरकडे गेल्या आणि मागच्या फळीवरून तपकिरी बॅग उचलली. सोनेरी अक्षर नुकतंच वाळलं होतं. त्यांनी बॅग उलटली, शिवणीत सुरीचं टोक घातलं, टाका कापला आणि दोरा धरून ओढला. तो सरसर निघून आला. बघता बघता बॅगेची एक बाजू मोकळी झाली.

“मावशी!” मॅनेजर काउंटरवर हात आपटत ओरडला. “विकलेली बॅग आहे ती! पैसे घेतलेत आपण!”

मावशींनी दुसरी बाजूही उसवली. सुटे तुकडे घेऊन त्या दिव्याखाली येऊन बसल्या आणि नव्या दोऱ्याला मेण लावायला लागल्या.

“उद्या संध्याकाळपर्यंत शिवून होईल. दिवसभर इथे काचेतच शिवते, काढू देत लोकांना फोटो.”

“अहो, पण पैसे...”

“पैसे तुम्ही घेतलेत, ते तुम्हाला पचतील,” मावशी म्हणाल्या. “आभार तिने माझे मानलेत. ते मला पचायला नकोत?”