पृथ्वी आडवी येते

"इंजिन बंद पडलंय, खालून पाणी शिरतंय," एवढंच ऑपरेटरबाईंच्या कानावर पडलं आणि बोटीवरून बोलणाऱ्या त्यांच्या दिराचा आवाज खरखरीत बुडाला.

बंदराच्या वायरलेस खोलीतून बाईंनी तीनदा हाक मारली. उत्तर नाही. कालच्या वाऱ्याने अंगणातला अँटेनाचा उंच खांब पाडला होता. उरला होता तो हातातला वॉकीटॉकी. सकाळच्या हवेत आवाज कधी कधी वाकून लांबवर येतो, तसा हा आला होता. आता ऊन चढलं आणि तीही वाट मिटली.

बंदराचे साहेब म्हणाले, बचावाची लाँच सुटलीय, पण एवढ्या पाण्यात बोटीवरची पाच माणसं शोधायची कुठे? बोट नेमकी कुठे आहे त्याचे आकडे हवेत. जास्त ताकदीचा वायरलेस संच मागवलाय, संध्याकाळपर्यंत येईल.

"ताकदीने काही होणार नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "पृथ्वी गोल आहे, मध्ये तीच आडवी येते. उंचावर जायला हवं."

त्यांनी दीपगृहाकडे बोट दाखवलं. दोनशे चौदा पायऱ्या. साहेबांची नजर त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर गेली. ते स्वतः जायला निघाले, पण खरखरीतून आकडे वेचायला बाईंचाच कान हवा, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी वॉकीटॉकी बाईंच्या हाती दिला.

शंभर पायऱ्यांवर गुडघ्याने दगा दिला. मग बाई पायरीवर बसल्या, हातांवर भार घेतला आणि पाठमोऱ्या, एकेक पायरी वर सरकत गेल्या. तळवे सोलले. थांबल्या मात्र नाहीत.

वरच्या सज्जात वारा होता. समोर नुसतं पाणी, ठिपकासुद्धा नाही. त्यांनी बटण दाबलं.

"वहिनी?" आवाज बारीक होता, पण स्वच्छ.

"भाऊजी, आकडे सांगा. सावकाश. एकेक."

त्यांनी आकडे तळहातावर लिहिले, दोनदा वाचून खात्री केली आणि लाँचला कळवले. लाँचने दिशा बदलली. पाऊण तास लागेल म्हणाले.

"तुम्हाला आम्ही दिसतोय का, वहिनी?" दिराने विचारलं.

बाईंना खोटं बोलवेना. "नाही. आवाज नजरेच्या थोडा पुढे जातो, भाऊजी. तुम्ही पाणी उपसत राहा."

त्याने बटण लगेच सोडलं नसावं. थोडा वेळ बादल्यांचा आवाज येत राहिला. बाई कठड्याला धरून उभ्याच होत्या.

पाऊण तासाचा तास झाला. मग लाँचवरून एकच शब्द आला, "दिसली."

बाईंनी डोळे ताणून पाहिलं. समोर पाण्याची रेघ कोरीच होती.