तिसरी तार

सुनेने सासऱ्यांना डोळे मिटायला सांगितलं. एरवी कुणाचं न ऐकणारे सासरे निमूट मिटून बसले. वाद्यं दुरुस्त करण्याच्या तिच्या टेबलापाशी, मांडीवर आपली जुनी ल्यूट घेऊन. या युरोपीय तंतुवाद्याची पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर.

त्यांच्या आजारपणानंतर दोन वर्षं ल्यूट बहुतेक भिंतीलाच टांगलेली होती. बोटांत जोर उरला नव्हता, आणि हट्ट मात्र तसाच: तार हवी ती मेंढीच्या आतड्याचीच, बाकी सगळ्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पण आतड्याची तार ओलसर हवेत तासाभरात सुरातून उतरायची. खुंट्या पिळून पिळून त्यांचं मनगट भरून यायचं, की ल्यूट पुन्हा भिंतीला.

म्हणून सून आज एकाच खुंटीला आळीपाळीने तीन तारा चढवणार होती. कोणती कसली, ते सांगायचं नाही. सासूबाई पंच म्हणून दारात उभ्या राहिल्या.

पहिली तार छेडून सासऱ्यांनी नाक मुरडलं. पत्र्यावर खिळा पडला म्हणाले. दुसरी गोड, पण बोटाला जड, हे त्यांनी नाइलाजाने कबूल केलं. तिसरी त्यांनी एकदा छेडली, परत छेडली. मग अंगठा आपसूक शेजारच्या तारांवर गेला आणि एक विसरलेली चाल निम्मीअधिक वाजली. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

“हीच,” सासरे म्हणाले. “आतड्याची ती आतड्याचीच. उगाच सांगत होतो का मी?”

सुनेने उरलेल्या दोन तारा हातात गुंडाळल्या. खरं सांगावं तर म्हातारा रुसणार आणि ल्यूट जाणार भिंतीला. पण खुंटी कशी पिळायची हे ज्या माणसाने हाताला धरून शिकवलं, त्याला फसवायला तिचं मन घेईना.

“आतड्याची दुसरी होती, बाबा. ही नायलॉनची, ओल्या हवेतही न उतरणारी. मासे पकडायचं सामान मिळतं ना, त्या दुकानातून आणली.”

सासऱ्यांनी डोळे उघडले. तार नखाने ताणून पाहिली, खाली वाकून हुंगलीसुद्धा. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

“म्हणजे या वयात गळाला लागलो की मी.”

आणि बाकीच्या ताराही बदलायला उरलेल्या खुंट्या ते स्वतःच एकेक करून सैल करायला लागले.