पहिली चाल

शेवटच्या फेरीला सरकारी कारकून गंगाधरराव पहिल्या पटावर बसले. पांढरी मोहरी त्यांची. हा डाव जिंकला की स्पर्धा त्यांची, आयुष्यात पहिल्यांदा. सुरुवात ठरलेली होती: राजापुढचं प्यादं दोन घरं, मग त्याच्या शेजारचं फुकट देऊन टाकायचं आणि हल्ला चढवायचा. मागे उभी असलेली त्यांची मुलगी श्रावणी लहानपणापासून हेच बघत आली होती.

घड्याळ मात्र सुरू होईना. स्पर्धेचं उद्घाटनच राहिलं होतं. गंगाधररावांच्याच खात्याच्या बड्या साहेबांना सवड मिळाली ती शेवटच्या फेरीला. राज्य नवं होतं, रायपुरात रोज कुठे ना कुठे फीत कापली जायची.

साहेब आले. पेढ्यानं बरबटलेल्या बोटांनी त्यांनी पार कडेचं, हत्तीपुढचं प्यादं उचललं, दोन घरं पुढे नेलं आणि कॅमेऱ्याकडे बघत तसंच धरून ठेवलं. टाळ्या पडल्या.

पाहुण्यांची चाल नुसती मानाची; पंच ते प्यादं मूळ जागेवर ठेवायला वाकले, तसा संयोजक शेखर धावला.

"अरे, राहू द्या ना! साहेब पाहून राहिले. काका, तुम्हाले काय फरक पडते? एक प्यादं तर आहे."

गंगाधरराव उठून उभे राहिले होते. साहेबांना हात जोडून हसत होते.

"हव, राहू द्या."

श्रावणीला शिसारी आली. त्या चिकट बोटांची आलीच होती. त्याहून जास्त बाबांच्या हसण्याची.

काळ्याचा वजीर त्याच प्याद्यामागच्या मोकळ्या घरांतून आत शिरला. गंगाधरराव हरले. घरी येताना स्कूटरवर श्रावणी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असतानाच, ते गेले.

तेराव्याला शेखर ब्राह्मणपारा वस्तीतल्या गंगाधररावांच्या घरी जेवायला आला. हात धुऊन बडीशेप चघळत म्हणाला, "दीदी, आता दरसाल काकांच्या नावानं स्पर्धा घेऊन राहिलो आपण. साहेबांशी बोललो मी. पहिली चाल तेच चालतील." मग आवाज खाली आणून, "काकांचं मन लय मोठं. त्या दिवशी कसे हसत हसत राहू द्या म्हणाले!"

"हसत नव्हते ते, शेखरभैया," श्रावणी म्हणाली. ओसरीवरचे सगळे तिच्याकडे बघू लागले. "घाबरले होते. आपल्याच पटावर माझे बाबा घाबरले होते."