राहून गेलेला गेंडा

“गेंडा दिसला नाही, तर मी या बसमधून उतरणारच नाही,” कोबिलोनं सांगून टाकलं.

“नकोच उतरू. ड्रायव्हरला भांडायला कुणीतरी हवंच,” मागच्या बाकावरून रोडा म्हणाली, आणि सगळी बस हसली.

चर्चच्या गायनमंडळाची सहल होती. एल्डामा रवाईनहून पहाटे निघालेली बस नाकुरूच्या अभयारण्यात शिरली तेव्हा ऊन नुकतं तापू लागलं होतं. खिडकीची जागा कोबिलोची. शेजारी अराप कांडिये, मांडीवर आंबवलेलं दूध भरलेला वाळका, पोकळ भोपळा सांभाळत.

“अहो, लग्न झालं त्या वर्षी म्हणाला होतात, तुला गेंडा दाखवीन. आठवतं?”

“आठवतं तर.”

“इतकी वर्षं लावलीत!”

“रस्ता खराब होता,” अराप कांडिये म्हणाला.

ती खुदकन हसली. हल्ली तिच्या डोक्यात काही टिकत नसे. नातवंडांची नावं, सकाळची न्याहारी, कालचा पाहुणा, सगळं निसटून जायचं. जुनं मात्र लख्ख होतं. लग्नात कुठल्या मावशीनं कुठलं गाणं म्हटलं, हेसुद्धा ती सांगायची.

रोडानं थर्मासमधला चहा वाटला. कोबिलोनं अराप कांडियेच्या कपात एकामागून एक तीन चमचे साखर टाकली.

“अगं, त्यांना डॉक्टरांनी साखर...” रोडा म्हणू लागली.

“असू दे,” तो म्हणाला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

वाटाडी म्हणून नासिमियू नावाची तरुणी फाटकापाशी बसमध्ये चढली होती. “खिडक्या लावून घ्या. इथली माकडं कुणाचं वय बघत नाहीत,” तिनं बजावलं. पण तिचं बोलणं संपायच्या आत एका बबूननं आत हात घालून रोडाची चपाती पळवली. रोडा त्याला चांगला अर्धा मैल शिव्या देत होती. देवाची गाणी म्हणणाऱ्या तोंडात इतक्या शिव्या कशा मावतात, याचं नासिमियूला नवल वाटलं.

मग तिचं लक्ष कोबिलोकडे गेलं. कोबिलोचा हात अराप कांडियेच्या हातात होता.

“आजी, लग्नाला किती वर्षं झाली?”

“छप्पन्न.”

“छप्पन्न! आजोबा, आम्हा तरुणांना सांगा ना, कसं जमवलंत?”

अराप कांडिये खिडकीबाहेर बघू लागला. आणि काहीच कारण नसताना रोडानं वरच्या पट्टीत एक भजन सुरू केलं. बाकीच्या बायकांनीही लगेच ते उचललं. नासिमियूचा प्रश्न त्यात बुडून गेला.

जिराफ दिसले, रानरेडे दिसले, तळ्याच्या कडेला गुलाबी फ्लेमिंगोंची रांग दिसली. गेंडा काही दिसेना. दुपार कलली. परतायची वेळ झाली, असं ड्रायव्हर दोनदा म्हणाला.

“अजून एक वळण घे,” अराप कांडिये म्हणाला.

“आजोबा, तिकडे रस्ता...”

“एकच. तिला परत कोण आणणार आहे इथं?”

ड्रायव्हरनं गाडी वळवली.

बाभळींमधल्या मोकळ्या जागेत गेंड्याची मादी उभी होती. राखाडी, अवाढव्य, चिखलानं माखलेली. तिच्या पोटाला अंग घासत एक पिल्लू उभं होतं. शिंगाच्या जागी नुसतं टेंगूळ. बसमधली कुजबुज थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

कोबिलो बराच वेळ पिल्लाकडेच बघत राहिली.

“आपला किपतालाम एवढाच होता,” ती हळूच म्हणाली. “चार वर्षांचा.”

 किपतालाम अराप कांडियेलाही आठवत होता. खांद्यावर बसायचा आणि कान ओढून उजवीकडे, डावीकडे वळवायचा.

“ताप आला, तर मला वाटलं सकाळपर्यंत उतरेल. दवाखान्यात नेलं नाही मी. तुम्ही कामावरून परत आलात तोवर सगळं संपलं होतं.” तिचा आवाज अगदी सरळ होता. “तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. रागावलाही नाहीत. मी वाट बघत राहिले, आज बोलतील, उद्या बोलतील. अहो, आता तरी सांगा. माझा राग येतो का तुम्हाला?”

पुढच्या बाकावर बसलेल्या बाईनं मान खाली घातली. रोडानं या वेळी भजन म्हटलं नाही.

अराप कांडियेनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. 

“नाही,” तो म्हणाला. “एक दिवसही आला नाही. बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो. चूक तुझी नव्हती, कोबिलो. तेव्हाही नव्हती.”

“खरं?”

“खरं.”

तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. पिल्लू आईच्या मागं मागं झुडपात गेलं. परतीच्या वाटेवर ती लहान मुलीसारखी गाढ झोपली. अराप कांडियेनं तिला जाग येऊ नये म्हणून तीन तास खांदा हलवला नाही.

गावात पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. सून अंगणात वाट बघत होती. तिनं सासूला हात धरून आत नेलं.

“मी जरा गुरांकडे बघून येतो,” अराप कांडिये दारातूनच म्हणाला.

“लवकर या,” कोबिलो म्हणाली.

तो मक्याच्या शेतातून चालत निघाला, कुंपणाचं फाटक उघडून पलीकडच्या घराच्या पायरीशी आला. त्याच्या बायकोनं, जेबिवोटनं, पुढं होऊन त्याच्या हातातला भोपळा घेतला. मग त्याच्यासाठी स्टूल सरकवलं.

“जाऊबाईंनी ओळखलं नाही ना तुम्हाला?”

“नाही.” तो हळूहळू बसला. “पण दादाच्या नावानं आज मी फार मोठा शब्द देऊन बसलोय, जेबिवोट. वर गेलो की आधी त्याला विचारायला हवं, खरा होता ना म्हणून.”