लावलेली बुरशी

संशोधक शर्वाणीच्या बुरशीने रंगकारखान्याच्या सांडपाण्यातलं विष खाऊन फस्त केलं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण तपासणीच्या सकाळी ती कारखान्यात पोचली, तेव्हा सफाईच्या हौसामावशी फिनाईलची बाटली उघडून टाकीपाशी उभ्या होत्या.

"मॅडम, टाकीतल्या तुमच्या पेंढ्याच्या पोत्यांना बुरशी लागलीय! मोठे साहेब यायच्या आत घासून टाकते."

"मावशी, थांबा!" शर्वाणी टाकीसमोर आडवी आली. फिनाईल पडलं असतं तर बुरशी मेली असती आणि तीन महिन्यांची मेहनत शब्दशः पाण्यात गेली असती. "ती लागलेली नाही, लावलेली आहे. रंगातलं विष तीच खाते."

"बुरशी सफाई करते? मग मी इथं अकरा वर्षं काय करतेय?"

शर्वाणीने टाकीकडे बोट दाखवलं. मावशींनी आत डोकावून पाहिलं. कालपरवापर्यंत शाईसारख्या असलेल्या पाण्यात आज तळ दिसत होता.

"रात्रीपण कामावर असते?"

"असते."

"सुट्टी? चहा?"

"घेत नाही."

मावशींनी बाटलीला बूच लावलं. "मग कंत्राटी असणार बिचारी. घ्या कागद, मी सांगते तसं लिहा."

मोठे साहेब तपासणीला आले तेव्हा टाकी बघण्याआधी त्यांच्या हातात मावशींचा अर्ज पडला: 'सदर बुरशी नेमून दिलेल्या जागी विनातक्रार, अखंड हजर आहे. तरी तिला माझ्यासोबत कंपनीच्या सेवेत कायम करावे व दोघींना गणवेश मिळावा, ही नम्र विनंती.'